शालेय वातावरण आणि पारलिंगी विद्यार्थ्यांमधील मादक पदार्थांचे सेवन

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख भिन्न असलेल्या विद्यार्थ्यांचे तंबाखू, मद्य, गांजा इत्यादींचे सेवन आणि शाळेत त्यांना मिळणारी वागणूक यांच्या संबंधाचा अभ्यास. 'पारलिंगी' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली असून 'तृतीयपंथी' या समुदायवाचक शब्दाशी ती समानार्थी नाही.

या विषयावरील बरेचसे संशोधन अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील 2013–15 च्या शालेय पाहणीवर आधारित, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पारलिंगी विद्यार्थ्यांमधील सेवनाचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच ते चार पट आढळले. 2017 मध्ये 10 राज्ये व 9 मोठ्या नागरी शालेय जिल्ह्यांत झालेल्या पाहणीत 1.8 टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला पारलिंगी म्हटले आणि त्यांपैकी सुमारे 35 टक्क्यांनी शाळेत छळ झाल्याचे सांगितले.

या आकड्यांविषयी मुख्य आक्षेप प्रश्नाच्या रचनेवर आहे. कॅलिफोर्नियाच्या प्रश्नावलीत 'पारलिंगी' हा पर्याय लैंगिक कलाच्याच, म्हणजे कोणाविषयी आकर्षण वाटते या, प्रश्नात होता. 2017 च्या पाहणीत मात्र त्यासाठी स्वतंत्र प्रश्न होता आणि 'खात्री नाही' व 'प्रश्न समजला नाही' अशी उत्तरेही देता येत होती. शिवाय गंमत म्हणून हा पर्याय निवडणारी मुले व्यसनांच्या प्रश्नांनाही टोकाची उत्तरे देतात आणि त्यामुळे फरक फुगतो, असे 2014 पासून काही संशोधकांनी दाखवून दिले आहे. ही सावधगिरी रास्त आहे. परंतु वेगवेगळ्या रचनेच्या दोन्ही पाहण्यांत फरकाची दिशा एकच राहते, म्हणजे पारलिंगी विद्यार्थ्यांमधील सेवन इतरांपेक्षा जास्तच आढळते, हे महत्त्वाचे.

कारणमीमांसेत संशोधक मेयर यांनी 2003 मध्ये मांडलेला आणि हेंड्रिक्स व टेस्टा यांनी 2012 मध्ये पारलिंगी व्यक्तींना लागू केलेला 'अल्पसंख्याक ताणा'चा सिद्धांत समाधानकारक वाटतो. चिडवणे, मारहाण, नको असलेल्या नावाने हाक मारणे, स्वच्छतागृहात जाण्याची भीती यांतून साचणारा ताण आणि नैराश्य सेवनाकडे नेतात, असे तो मानतो. छळ व नैराश्य हे घटक विचारात घेतल्यावर फरक काही अंशीच उलगडतो, आणि एकाच वेळच्या पाहणीवरून कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही. तरीही असा छळ रोखणे शाळेच्या हाती आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे ठरते. कॅलिफोर्नियात 2014 पासून विद्यार्थ्यांना आपल्या लिंगओळखीनुसार शालेय सुविधा वापरण्याचा कायदेशीर हक्क आहे.

भारतात 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून नोंदलेल्यांची साक्षरता सुमारे 56 टक्के होती, देशाची सुमारे 74. अनेक पारलिंगी मुले शाळेतूनच गळत असल्याने वर्गात भरून घेतलेल्या प्रश्नावलीत त्यांची नोंदच होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनासाठी शिक्षकांकरिता तयार केलेली पुस्तिका तक्रारींनंतर संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली.