सहभागी अंदाजपत्रक (पुणे)

महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात आपल्या परिसरातली छोटी कामे नागरिकांनी स्वतः सुचवण्याची पद्धत. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात ती १९८९ मध्ये सुरू झाली. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून ती स्वीकारली आणि स्वयंसेवी संस्थांच्या साथीने राबवली. भारतात ती इतकी वर्षे टिकवणारी शहरे मोजकीच आहेत.

पावसाळ्याच्या सुमारास पालिका सूचना मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. एका कामाला साधारण ५ लाख रुपयांची मर्यादा, त्यामुळे पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसथांब्याची शेड, बाके, स्वच्छतागृह अशी कामे यात बसतात. उड्डाणपूल किंवा मोठी जलवाहिनी बसत नाही. अर्ज कसा लिहिला यावर बरेच अवलंबून असते. ‘आमच्या भागातले पदपथ नीट करा’ एवढ्यावरून अभियंत्याला काहीच करता येत नाही. पण ‘शाळेच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत ब्लॉक उखडलेत, मुले रस्त्यावरून चालतात’ असे लिहिले, तर कनिष्ठ अभियंता टेप घेऊन थेट त्या जागेवर जातो, लांबी मोजतो आणि खर्चाचा अंदाज काढतो. तिथे रोज चालणाऱ्या माणसाला जे दिसते, ते कार्यालयातल्या नकाशावर उमटत नाही. या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

पुढे सूचना प्रभाग समितीसमोर जातात. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अशा समित्यांना आधार दिला. महाराष्ट्राच्या कायद्यात नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींचीही तरतूद आहे. मंजूर कामे नंतर आयुक्त, स्थायी समिती आणि मुख्य सभा असा प्रवास करत अंदाजपत्रकात येतात. मात्र या निवडीत नागरिकांना मतदानाचा हक्क नाही. पोर्तो अलेग्रेत रहिवासी सभांमधून प्राधान्यक्रम ठरवत. पुण्यात ते सुचवतात, पण निवड करणे प्रभाग समितीच्या हाती राहते. हा फरक लहान नाही.

उणिवा उघड आहेत. मुदत कमी मिळते. अर्ज भरणारे बहुधा सोसायट्यांतले, वेळ आणि माहिती असलेले; ज्या वस्तीत सार्वजनिक नळ आणि स्वच्छतागृहाची निकड सर्वांत मोठी, तिथल्या लोकांपर्यंत ही खबर पोहोचवायला कोणीतरी दारोदार जावे लागते. नाकारलेल्या सूचनेचे कारण कळवणे हे पालिकेचे कर्तव्यच मानले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर प्रभाग समितीत जाब विचारायला निवडून आलेला माणूसच उरला नाही.

म्हणून जाणते रहिवासी अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवतात. अंदाजपत्रक छापून आले की त्यात आपले काम शोधतात, सापडले तर निविदा आणि कार्यादेशाची चौकशी करतात, आणि पदपथ झाल्यावर माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) मागवून प्रत्यक्ष लांबीशी ताडून पाहतात.