डॉल्फिनच्या सुट्या भागांची टंचाई : पार्श्वभूमी

अमेरिकी तटरक्षक दलाच्या डॉल्फिन हेलिकॉप्टरला आता सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. 2018 मध्ये उत्पादन बंद झालं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. ते खरं, पण अर्धंच. 1979 मध्ये जुन्या एकइंजिनी सीगार्ड हेलिकॉप्टरच्या जागी फ्रेंच बनावटीचं दोन इंजिनांचं यंत्र निवडलं गेलं, आणि देशी मालाचं प्रमाण राखायचं म्हणून त्यात अमेरिकी एलटीएस101 इंजिन बसवलं. ही जोडणी असलेली यंत्रं जेमतेम शंभरच्या घरात. इतर देशांतली डॉल्फिन वेगळ्या इंजिनांवर उडत होती, त्यामुळे इंजिनांच्या बाबतीत त्यांच्या साठ्याचा उपयोग शून्य.

त्या इंजिनाचा जीव बचावकामाला अपुरा पडला. विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस उचलताना हेलिकॉप्टर एका जागी तरंगतं. पुढचा वेग नसतो, म्हणून शक्ती सर्वाधिक लागते. रोटरच्या वाऱ्याने उडालेले खारे तुषार इंजिनात ओढले जातात, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मीठ बसतं, हवेचा प्रवाह घटतो आणि तेवढ्याच शक्तीसाठी टर्बाइन जास्त तापतं. गोड्या पाण्याने इंजिन धुण्यात कुचराई झाली की आयुष्य कमी झालंच. अशात एक इंजिन गेलं आणि वजन जास्त असेल, तर उरलेल्या इंजिनावर तरंगणं जमत नाही. नाक खाली करून वेग घ्यावा लागतो, त्याला उंची हवी. आणि दोराला माणूस असेल तर वैमानिकापुढचा पेच सांगायला नको.

2004 मध्ये इंजिनबदलाचा निर्णय झाला तो उड्डाणात शक्ती जाण्याचे प्रसंग वाढल्यावर. त्याच घराण्याचं सुधारित इंजिन घ्यावं असाही एक पक्ष होता, खर्च आणि विलंबावर लेखी ताशेरेही आले. पण फ्रेंच एरियल 2सी2-सीजीने सुमारे 40 टक्के जास्त शक्ती आणि संगणकी इंधननियंत्रण दिलं. हा बदल पंचवीस वर्षं उशिरा झाला, एवढंच म्हणता येईल.

तोवर सांगाडे म्हातारे झाले होते. म्हणून डॉल्फिनच्या ई आवृत्तीबरोबर आयुष्यवाढ आली: मुख्य संरचनात्मक भाग बदलून मर्यादा 20,000 वरून 30,000 उड्डाणतासांवर. सांगाड्याचा प्रश्न यातून सुटला, गिअरबॉक्सचा नाही. इंजिनाची शक्ती रोटरला पोहोचवणारा गिअरबॉक्स हा फिरता साठा असतो: काढलेला दुरुस्तीला जातो, दुरुस्त झालेला परत येतो. त्याच्या आतल्या एका बेअरिंगचा पुरवठा अडला की सगळं चक्र थांबतं. मग उभ्या हेलिकॉप्टरचा भाग उडणाऱ्याला लावायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर! यात एका भागासाठी दोनदा काढणं, दोनदा बसवणं आणि तपासण्याही दुप्पट होतात. शिवाय दर हाताळणीत जोडण्या झिजतात त्या वेगळ्याच.

आता पोर्टो रिकोतलं बोरिंकेन, न्यू ऑर्लिन्स अशा तळांवर डॉल्फिनच्या जागी जेहॉक ही मोठी हेलिकॉप्टरं आली आहेत. काही जेहॉक नव्या सांगाड्यांवर बनतात, काही नौदलाच्या जुन्या सांगाड्यांवर. तळ बदलला की तिथल्या डॉल्फिनचे शिल्लक उड्डाणतास आणि भाग उरलेल्या ताफ्याच्या कामी येतात. जहाजांवर मात्र ही अदलाबदल सोपी नाही. जेहॉकचं कमाल वजन डॉल्फिनच्या दुपटीहून अधिक, आणि लहान डेक डॉल्फिनएवढ्याच हेलिकॉप्टरला पुरणारे.