पार्श्वभूमी : रेवाल चाल आणि कोकणात उतरलेला घोडा

काशीद, नागाव, मुरूडच्या वाळूवर घोडा फिरवणाऱ्याला जनावर कुठलं म्हणून विचारलं की 'मारवाडी', 'काठेवाडी' यांच्या जोडीला 'रेवाल' असंही उत्तर येऊ शकतं. 'रेवाल जातीचा घोडा' हे शब्द विक्रीच्या बोलीत रुळले आहेत. पण अशी जात नाही. रेवाल ही चाल आहे. ती मारवाडी घोड्यात सापडते, काठेवाडीत सापडते, कच्छी-सिंधीत तर तिचाच बोलबाला आहे, आणि या तिन्ही जातींतली कित्येक जनावरं आयुष्यभर ती चाल चालत नाहीत.

कोकणात या गोंधळाला जुनं कारण आहे. इथे घोडा बंदरात उतरायचा, पैदास इथली नव्हतीच. चार महिन्यांच्या ओलीत खूर कुजतो, वैरण म्हणजे बहुतेक भाताचा पेंढा, आणि जांभ्याच्या सड्यावरून घोड्यापेक्षा माणूस आणि बैल बरे चालतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या एका प्रवाशाने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिलं आहे की त्याचा चाच्यांशी करार होता : लुटीतला बाकी माल त्यांचा, घोडे मात्र राजाचे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक रशियन व्यापारी होर्मुझहून विकण्यासाठी एकच घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो हिसकावला आणि धर्म बदललास तर परत देईन, वर मोहराही देईन, असं सांगितलं. घोडा पुढे त्याला परत मिळाला. या देशात घोड्यांना खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्याचं स्मारक आज रेवदंड्यात उभं आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी होर्मुझहून येणारे घोडे गोव्यातच उतरावेत असा बंदोबस्त केला, कारण दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला दोघांनाही ते हवे होते. घाटावर भीमेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टं आणि बाहेरून आलेलं रक्त यांतून भीमथडी घोडा घडला. खाली कोकणात मात्र घोडा पाहुणाच राहिला. जनावर ओळखायची ती विकणाऱ्याने सांगितलेल्या नावावरून, अशी सवय तिथून लागली असावी असं मला वाटतं.

आता मूळ शब्दाकडे. फारसीत 'राह' म्हणजे वाट आणि 'राहवार' किंवा 'रहवार' म्हणजे वाट सुखाने कापणारा, मऊ चालीचा घोडा. म्हणजे मुळात हे विशेषण घोड्याचं होतं. हिंदीत त्याचं रहवाल झालं, राजस्थान-गुजरातेत रेवाल, आणि अर्थ घोड्यावरून चालीवर सरकला. आपल्याकडे दुडकी आणि चौखूर हे शब्द शिल्लक आहेत, कारण ते घोड्याबाहेरही वापरात राहिले. मूल दुडकत येतं, जनावर चौखूर उधळतं. रेवालला असा घरगुती आसरा मिळाला नाही. तो घोडेवाल्यांपुरता राहिला आणि आता सारंगखेड्याच्या बाजारातून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून परत आला, तो विशेषण होऊनच. एका अर्थी शब्द आपल्या जुन्या जागी गेला आहे. अडचण एवढीच की आज 'जातीचा' हे शेपूट त्याला जोडलं जातं आणि गिऱ्हाईक त्या शेपटाचे पैसे मोजतं.

चालीत नेमकं काय होतं? दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय एकत्र पडतात, मग क्षणभर चारही पाय हवेत असतात. घोडा खाली येतो तो क्षण स्वाराच्या कमरेत बसतो, म्हणून स्वार रिकिबीत उठबस करतो. रेवालमध्ये एकाच बाजूचे पाय लागोपाठ पडतात : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार वेगळे ठोके. जमिनीवर कायम किमान एक पाय टेकलेला, त्यामुळे आदळणं नाही. स्पर्धांत म्हणून स्वाराची बैठक पाहतात. घोडा वेगात आणि वरचा माणूस ओसरीवर बसल्यासारखा स्थिर, ही खरी रेवाल. एका बाजूचे दोन्ही पाय अगदी एकाच वेळी पडू लागले तर ठोके दोनच उरतात आणि स्वार डावी-उजवीकडे हेलकावतो. काही जण तीही रेवालच मानतात. मला हे पटत नाही. ज्या सुखासाठी चालीला हे नाव मिळालं तेच तिथे कमी होतं.

त्याहून मोठा वाद उपजत की शिकवलेली, हा आहे. एका बाजूचे पुढचे-मागचे पाय दोरीने जोडून घोड्याला अशी चाल लावायची रीत जगात अनेक ठिकाणी होती. दुसरीकडे, आईच्या मागे पहिल्या आठवड्यातच अशा पावलांनी चालणारी शिंगरंही असतात. २०१२ मध्ये या वादात अनुवंशशास्त्राची भर पडली. आइसलँडच्या घोड्यांवरच्या अभ्यासातून डीएमआरटी३ या जनुकातला, अशा चालींशी जोडलेला एक बदल हाती लागला. पाठीच्या कण्यातल्या ज्या मज्जापेशी पायांचा मेळ घालतात, त्यांच्या घडणीशी त्याचा संबंध आहे. दोनच वर्षांनी १४१ जातींच्या ४,३९६ घोड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या ६८ जातींत हा बदल सापडला. पुढे प्राचीन हाडांच्या अभ्यासात त्याचा सर्वांत जुना पुरावा इंग्लंडमधल्या यॉर्कच्या, साधारण इ.स. ८५० ते ९०० या काळातल्या घोड्यांत मिळाला. म्हणजे चाल जन्मजात असू शकते, पण ती एका जातीची मालकी नाही. जनुकातला हा बदल असूनही तशी चाल न चालणारा घोडा असतो, कारण वजन, तंदुरुस्ती, लगामाचा हात आणि पायाखालची जमीन यांचाही त्यात वाटा आहे.

चाल आणि जात यांची गाठ आपल्याकडे घट्ट झाली ती २०१७च्या सुमारास, कच्छी-सिंधी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली तेव्हा. देशातली ही घोड्यांची सातवी नोंदलेली जात. नाकाड थोडं फुगीर, कानांची टोकं आत वळलेली पण मारवाडी-काठेवाडीसारखी एकमेकांना न टेकणारी, पाठ आखूड, खूर रुंद, स्वभाव शांत. वाळवंटी उन्हात लांबचा पल्ला तो कापतो, आणि कच्छमधल्या बन्नी या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांनी याच गुणांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. जोडनाव कच्छ आणि सिंध या दोन प्रदेशांवरून, फाळणीने त्याचं कुरण दोन देशांत वाटलं गेलं. हा निर्णय योग्यच होता. नोंद नसलेल्या जनावराचं रक्त दोन-तीन पिढ्यांत संकरात विरून जातं. मारवाडी घोड्याचे तर संस्थानं विलीन झाल्यावर पोशिंदेच गेले होते, आणि तो सावरायला अर्धं शतक लागलं. पण मान्यतेच्या बातम्यांत कान, पाठ, खूर मागे पडले आणि 'रेवाल चालीचा घोडा' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. तिथून 'रेवाल जात' फार लांब नव्हती. अलीकडे भीमथडीचीही नोंद झाली. आपल्या मातीतला हा घोडा रेवालच्या बोलबाल्यात झाकोळू नये, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत घोडा चालवून दाखवल्याशिवाय जाणकार व्यवहार करत नाही. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला ती सोय नसते. लगाम धरून पायी नेलेला घोडा साधी पावलंच टाकतो, त्यात रेवाल उमगायची नाही. भुसभुशीत वाळूत तर उत्तम चालीचा घोडाही ठोका चुकतो, दुडकीवर येतो, कारण या चालीला कठीण जमीन लागते. सुकतीला पाणी मागे सरलं की ओल्या वाळूचा जो घट्ट पट्टा उघडा पडतो, तिथे घोडेवाल्याला स्वतः वर बसायला सांगावं. आपण बाजूला उभं राहून घोड्याचे एकाच बाजूचे पाय पाहावेत आणि मग घोडेवाल्याचे खांदे.