बाळंतिणीच्या दाराबाहेरचे थोरले मूल

देवगडकडच्या एखाद्या जुन्या घरात माजघरालगतची काळोखी खोली बाळंतिणीला दिलेली असते. शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलेल्या ओव्याचा धूर दाराच्या फटीतून बाहेर येत असतो आणि त्याच फटीला डोळा लावून दोन वर्षांची थोरली मुलगी ताटकळत उभी असते. आई आत आहे हे तिला बांगड्यांच्या आवाजावरून कळते. आपल्याला आत का घेत नाहीत, हे मात्र कळत नाही. ती भोकाड पसरते तेव्हा घरातील मंडळी “बाळाचा हेवा वाटतो हो तिला” असा निर्वाळा देतात. वास्तविक ज्याचा हेवा करायचा, ते बाळ तिने अजून धड पाहिलेलेही नसते.

या वयात भावंड येण्यापेक्षा आई दिसेनाशी होणे किती जड जाते, हे ब्रिटनमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने टिपून ठेवले आहे. १९६०च्या दशकात, आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेल्या मुलांच्या दिनक्रमाचे त्यांनी चित्रीकरण केले. त्यांपैकी १७ महिन्यांचा एक मुलगा ९ दिवस निवासी बालगृहात राहिला. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, पण पाळीनुसार बदलत. एखादीच्या मांडीवर तो विसावतो न विसावतो तोच ती दुसऱ्या मुलाकडे वळे. त्याचे जेवण तुटले, आणि शेवटी न्यायला आलेल्या आईलाही तो जवळ येऊ देईना. याउलट ज्या चार मुलांना रॉबर्टसनांनी स्वतःच्या घरी सांभाळले, ती बरीच सावरलेली राहिली. कारण सांभाळणारी बाई एकच होती, जेवणाच्या आणि निजण्याच्या सवयी शक्यतो घरच्याच ठेवल्या होत्या आणि आईचा विषय टाळला जात नव्हता.

आजी, आत्या किंवा काकू यांच्या रूपाने आपल्याकडे ही सोय घरातच असते, परंतु तिची आठवण बहुधा कळा सुरू झाल्यावर होते. सातव्या महिन्यापासूनच त्यांच्यापैकी एकीने आंघोळ घालणे किंवा निजवणे आपल्याकडे घ्यावे, तेही आई घरात असताना. मुलाची आयत्या वेळी आजोळी रवानगी करण्याचा प्रघात मला तरी चुकीचा वाटतो.

“तीन महिन्यांनी बाळ येणार” हे वाक्य दोन वर्षांच्या मुलासाठी जवळजवळ निरर्थक असते, कारण काल आणि उद्या यांतच त्याचा घोटाळा असतो. परसातल्या कलमाला मोहोर आला असेल, तर “याचे आंबे पिकले की बाळ येईल” असे सांगून रोज ते झाड दाखवता येते. “तुझ्याशी खेळायला भाऊ येतोय” हे आश्वासन मात्र देऊ नये. येणारा जीव दिवसातले १४ ते १७ तास झोपतो आणि २०-३० सेंटिमीटरपलीकडचे त्याला नीट दिसतही नाही. असला खेळगडी पाहून मुलाचा विरस होणारच. चड्डीत शू न करण्याची शिकवणीही याच सुमारास सुरू करू नये. शिकलेले मूलसुद्धा काही आठवडे ते विसरते, पुन्हा अंगावर प्यायला मागते. हे रागावण्याजोगे नव्हे.

जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधिकांनी इंग्लंडमधील केंब्रिजच्या ४० कुटुंबांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. आई तान्ह्यात गुंतली की थोरल्याचा खोडसाळपणा वाढतो, हे त्यांनी नोंदवले, आणि ते कोणत्याही सासुरवाशिणीला पटेल: बाळाला पदराखाली घ्यावे आणि नेमका तेव्हाच पाण्याचा तांब्या उपडा व्हावा. त्याहून मोलाचे निरीक्षण पुढचे आहे. ज्या घरांत आई पहिल्या दिवसांपासून थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत असे, त्या घरांतील थोरली मुले वर्षभरानंतरही धाकट्याशी अधिक मायेने वागताना आढळली.

तेव्हा “गप्प बस, बाळ उठेल” एवढ्यावर न थांबता दार उघडून मुलीला शेजारी बसवावे, तिच्या हातात अळिवाच्या लाडवाचा तुकडा द्यावा आणि विचारावे, “का गं रडत असेल तो? भूक लागली असेल, की शेकाने उकडत असेल?” ती बहुधा लाडवाचाच तुकडा त्याच्या तोंडाशी नेईल, तिचा हात तेवढा वेळेवर धरावा.