सेकंदाला सोळा ठोके, आणि तरी संथ

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाशेजारी उभं राहून पाहा. ताशाच्या दोन काड्या इतक्या झपाट्याने चालतात की एकेक ठोका मोजायचं आपण सोडून देतो. कानावर येतो तो नुसता तडतडाट, सलग, पाऊस पत्र्यावर पडावा तसा. पाय मात्र ढोलाच्या टोल्यावर हलतात. ताशावाल्याच्या हाताचं कौतुक सगळेच करतात, पण नाचतात ढोलावर.

एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकचं सगळ्यात टोकाचं, कर्कश रूप, ऐकणाऱ्यांत गेली तीस-पस्तीस वर्षं एक भांडण चालू आहे. ते सोडवायचं तर ताशा आणि ढोल यांच्यातल्या या वाटणीपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. भांडण जुनंच आहे, आपल्या बैठकीतलं: ‘तयारी आहे हो, पण गाणं कुठाय?’ एका बाजूला अचाट वेगाने, अवघड मोजणीत वाजवणारे टेक्निकल डेथ मेटलवाले. दुसऱ्या बाजूला, चार स्वर आणि खरखरीत ध्वनिमुद्रण पुरे, पण काळीज हललं पाहिजे, असं म्हणणारे ब्लॅक मेटलवाले. मुंबईत ‘भयानक मौत’ किंवा ‘गटस्लिट’ या इथल्या मेटल बँडचा कार्यक्रम झाल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर थांबलात, तर दोन्ही पक्षांचे वकील तिथे भेटायला हरकत नाही.

या भांडणातला सगळ्यात बोलका साक्षीदार नॉर्वेत आहे. ऑस्लोजवळच्या कोल्बोट्न गावातल्या चार पोरांचा डार्कथ्रोन हा बँड. त्यांनी स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत पहिला अल्बम मुद्रित केला, ‘सोलसाइड जर्नी’. तो १९९१ मध्ये आला. चांगला गुंतागुंतीचा डेथ मेटल, रिफमागून रिफ (रिफ म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा तुकडा), मध्येच मोडणारा ताल. पुढचा अल्बमही त्याच वाटेने घडत होता. तो त्यांनी अर्धवट सोडला आणि १९९२ मध्ये एकदम ओबडधोबड, थंडगार ब्लॅक मेटल घेऊन आले. सोडलेलं काम पुढे १९९६ मध्ये ‘गोटलॉर्ड’ नावाने बाहेर पडलं. दरम्यान १९९४ मध्ये ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ आला होता. त्यातली सगळी वाद्यं ड्रमर फेनरिझने एकट्याने वाजवली, तीही घरी, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर. ऐकताना वाटतं, कोणीतरी भिंतीपलीकडच्या खोलीत वाजवतंय. ज्याला येत नाही त्याने साधं वाजवणं वेगळं. इथे येत असलेलं ठरवून टाकून दिलं होतं. (त्या काळच्या नॉर्वेजियन वर्तुळातल्या काहींनी चर्चं जाळली, खूनही केले. ते ऐकून पुष्कळ लोक या संगीताच्या दारातूनच परत फिरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण तो विषय वेगळा.)

आता गंमत अशी की, या ‘साध्या’ अल्बममधला ड्रम काही संथ नाही. तो चांगलाच पळतो. तरी ऐकणाऱ्याला गुंगी येते, अंगाईसारखी. असं का?

थोडं गणित करू. डेथ किंवा ब्लॅक मेटलमधला ब्लास्ट बीट म्हणजे स्नेअर (काड्यांनी वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम), बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि झांज यांच्यावर सलग भडिमार. मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेचे चार भाग धरले, तर सेकंदाला १६ ठोके होतात. दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ६२ मिलिसेकंद. आणि आपला कान? लयीचे अभ्यासक जस्टिन लंडन यांच्या मांडणीनुसार साधारण १०० मिलिसेकंदांपेक्षा जवळ आलेले ठोके आपल्याला तालाचे स्वतंत्र घटक म्हणून धरता येत नाहीत. सेकंदाला वीसच्या आसपास गेलं की ते एकमेकांत विरघळून गुरगुर व्हायला लागते. म्हणजे ड्रमर जिथे घाम गाळतोय, त्या पातळीवर श्रोत्याचा कान मोजणी सोडून देतो आणि त्याहून मोठ्या, सावकाश सरकणाऱ्या घटकाला धरतो. तबल्यातला रेला आठवा. बोल सुटे ऐकू यायचे थांबतात आणि धार लागते. नावच रेला आहे, लोंढा.

‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’मध्ये ही धार सतत चालू राहते. गिटारवर एकच स्वर भराभर छेडत राहायचा, याला ट्रेमोलो म्हणतात. त्या थरथरीच्या आत चाल मात्र सावकाश पुढे जाते. वेगाचा इथे पोत झालेला असतो, आणि त्या पोतावर एक संथ, उदास सुरावट पसरते. कान ताशा सोडून ढोल धरतो, तसंच.

म्हणून मला ‘कौशल्य की आत्मा’ हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे असं वाटतं. कानासाठी या दोन गोष्टी दोन वेगळ्या काळमापांवर राहतात. बोटांची करामत मिलिसेकंदांत, भाव काही सेकंदांच्या वळणात. एक असली की दुसरी नसेल, असं म्हणायला काही आधार नाही. उलट पोत सलग राहायचा तर ठोके विलक्षण एकसारखे पडावे लागतात. एक हात अडखळला की चादर फाटते. साधेपणाचं सोंगसुद्धा तयारीच्याच जिवावर चालतं.

ही तयारी शरीरात नेमकी कुठे असते? जपानी संशोधक शिन्या फुजी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगाच्या स्पर्धेत अव्वल ठरलेल्या एका ड्रमरच्या मनगटाचे स्नायू तपासले. सामान्य माणूस एका हाताने सेकंदाला पाच ते सात ठोके देऊ शकतो; हा गडी दहा देत होता. फरक ताकदीत नव्हता. आपण वेग वाढवला की मनगट वाकवणारे आणि उचलणारे स्नायू एकाच वेळी ताणलेले राहतात, म्हणजे पाय ब्रेकवर ठेवून गाडी पळवण्यासारखं. त्याचे स्नायू मात्र आळीपाळीने काम करत होते. एक आवळला की दुसरा खरोखर सैल. तबल्याचे गुरुजी ‘हात मोकळा सोड’ म्हणून पाठीत धपाटा घालतात तेव्हा हेच सांगत असतात.

आता आवाज. मेटलमधल्या गुरगुरण्याला आणि किंचाळण्याला बाहेरचे लोक ‘ओरडणं’ म्हणतात, आणि खरं तर शास्त्राच्या दृष्टीने ते फार चुकत नाहीत. २०१५ मध्ये ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचं विश्लेषण केलं. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, शब्दावयवांच्या चालीने. किंकाळीत ती ३० ते १५० वेळा होते. या झपाट्याची जाणीव आपल्याला खरखर म्हणून होते, आणि मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा भाग, तिला जोरात प्रतिसाद देतो. धोक्याचे भोंगेसुद्धा याच पट्ट्यात वाजतात. गाण्यातला कुठलाही शब्द न कळता अंगावर काटा येतो, त्यातला बराचसा वाटा या खरखरीचा.

पण ही खरखर काढायची कशी? नुसतं घशातून ओरडलात तर दोन गाण्यांत आवाज बसतो. शिकलेला गायक खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंनाही कंपायला लावतो आणि ताकद श्वासावर तोलतो. तिबेटी भिक्षूंच्या आणि मध्य आशियातल्या तुवाच्या गायकांच्या खर्जात हीच युक्ती आहे. म्हणजे या संगीतातला सगळ्यात ‘कच्चा’, सगळ्यात ‘आतून आलेला’ वाटणारा भाग वर्षांच्या रियाजावर उभा आहे. आणि ऐकणारा चिडतो का? क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शर्मन आणि जेनेव्हीव्ह डिंगल यांनी ३९ चाहत्यांना आधी राग आणला, मग काहींना दहा मिनिटं त्यांचं आवडतं संगीत ऐकवलं, काहींना शांत बसवलं. वैरभाव आणि चिडचिड दोन्हीकडे उतरली. संगीत ऐकलेल्यांना वर उत्साहही वाटला. प्रयोग लहान आहे, आणि सगळे आधीपासूनचे चाहते होते. मेटलने घाबरणाऱ्या आईवडिलांना तो दाखवताना एवढं सांगितलेलं बरं.

‘आत्मा’वाल्यांचा एक लाडका मुद्दा मात्र मला तितकासा पटत नाही. ते म्हणतात, माणूस थोडा मागेपुढे वाजवतो, तीच जान. संगणकावर प्रत्येक ठोका मोजून जागेवर बसवला की संगीत मरतं. यात तथ्य आहे, पण अर्धं. होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की वादकाच्या १०-२० मिलिसेकंदांच्या चुका अंदाधुंद नसतात; आत्ताच्या चुकीत मागच्या चुकांची आठवण असते, आणि श्रोत्यांना तशा चुका विस्कळीत चुकांपेक्षा जास्त आवडतात. पण २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने जॅझ, फंक आणि सांबाच्या तालांत असे सरकाव मुद्दाम वाढवून पाहिले, तर लोकांना ते ताल कमीच डोलवणारे वाटले. त्या गटातले गाय मॅडिसन स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातले, आणि उमेओ हे मेशुगा या बँडचं गाव. हा निव्वळ योगायोग, पण मला गोड वाटतो. कारण मेशुगाने २००५ च्या ‘कॅच थर्टीथ्री’ अल्बममध्ये ड्रम वाजवलेच नाहीत. ते संगणकावर रचले. ठोक्यांचे नमुने त्यांच्याच ड्रमरचे, टॉमस हाकेचे होते, इतकंच. मला तरी तो अल्बम निर्जीव वाटत नाही.

याचं कारण परत त्या संथ थरात आहे. मेशुगात गिटार आणि बास ड्रम विषम मोजणीची रिफ फिरवत राहतात. समजा १७ बारीक भागांची. वर झांज आणि स्नेअर शांतपणे चारची चौकट धरून असतात. रिफ चौकटीतून निसटते, दर फेरीला पुढे सरकते आणि शेवटी दोघं एकदम समेवर येतात, किंवा वादक रिफ मध्येच तोडून समेवर आणतो. खालचं गणित न कळणाराही मान हलवत राहतो, कारण धरायला काहीतरी आहे.

जर्मनीतल्या नेक्रोफॅजिस्ट या टेक्निकल डेथ मेटल बँडचा १९९९ चा पहिला अल्बम मी या उलट अनुभवासाठी ऐकतो. मुहम्मद सुइच्मेझने तो जवळजवळ एकट्याने केला, ड्रमही यंत्राकडून. गिटार थक्क करणारी आहे. पण दहा मिनिटांनंतर माझं लक्ष पाझरायला लागतं. दर क्षणी नवं काही येतं, वळण पुरं व्हायच्या आत पुढचं वळण. सगळी माहिती बारीक काळमापावर, मोठ्यावर फारसं काही नाही. नुसता ताशा. माझे काही मित्र या वाक्यावरून माझ्याशी बोलणं बंद करतील.

चक शुल्डिनरला हे उमगलं होतं असं त्याच्या रेकॉर्ड्सवरून वाटतं. फ्लोरिडातला त्याचा डेथ हा बँड. १९८७ चा पहिला अल्बम रक्तबंबाळ आणि सरळसोट. १९९१ च्या ‘ह्यूमन’पर्यंत त्याने सिनिक या बँडचे दोन वादक बरोबर घेतले आणि गुंतागुंत वाढवत नेली. १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ हा त्या वाटेचा शेवट. मेंदूतल्या गाठीने तो २००१ च्या डिसेंबरमध्ये गेला, वय ३४. त्या शेवटच्या अल्बममध्ये ताल क्षणाक्षणाला कूस बदलतात, बोटं थांबत नाहीत, आणि मध्येच एक तुकडा येतो ज्यात ड्रम नाहीत, गाणंही नाही. फक्त अकूस्टिक गिटारची साथ आणि तिच्यावर सावकाश उलगडत जाणारी इलेक्ट्रिक गिटार. त्या तुकड्याचं नाव त्याने ठेवलं ‘व्हॉइस ऑफ द सोल’.