जुनी मर्सिडीज घ्यायची आहे? आधी हे वाचा

जुनी आलिशान गाडी घेऊन घरच्या घरी सांभाळायची असेल, तर आमच्या गॅरेजचा पहिला सल्ला डब्ल्यू 124 चा असतो. मर्सिडीजची ही ई-क्लास 1995 पासून पुण्याजवळ, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडली जात होती. मर्सिडीजचा कारखाना चाकणला गेला तो पुढे 2009 मध्ये. आपल्याकडे मुख्यतः दोन मिळतात: पेट्रोलवरची ई 220 आणि डिझेलवरची ई 250 डी.

हीच का? बॉनेट सरळ उभं राहतं, इंजिनाभोवती हात जायला जागा आहे. टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला, लोखंडी साखळी आहे, त्यामुळे रबरी पट्ट्यासारखी ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही. पाना धरायची सवय असलेल्या माणसाला ही गाडी शिकवत जाते.

पाहायला जाण्याआधी मालकाला सांगा, सकाळपासून गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. जुन्या इंजिनाचं खरं दुखणं थंडपणी कळतं. सुरू करताना निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. पांढरी वाफ थांबतच नसेल आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तरी सावध व्हा, आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं गेलंय का तेही विचारा.

ई 220 मध्ये सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. त्या काळातल्या इंजिनांच्या मूळ वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होतं आणि हात लावला की पापडासारखं मोडतं. मग इंजिन अडखळतं, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वर-खाली होतं, मेकॅनिक एकामागून एक सेन्सर बदलतो आणि तुमचे पैसे जातात. इंजिनाजवळची एक वायर हलकेच वाकवून पाहा. हार्नेस, म्हणजे या वायरींचा अख्खा जुडगा, बदललेला असेल तर पावती मागा. बदललेला नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

गंज शोधायचा तो दारांवर नव्हे, तर जॅक लावायच्या जागी. तिथली प्लास्टिकची झाकणं काढा आणि आत बोट फिरवा. मुंबई-कोकणची गाडी असेल तर कार्पेट उचला. सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला गाळाचा डाग दिसला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते.

कागदपत्रांत घाई नको. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. कर्जाची नोंद उतरवलेली हवी. परराज्यातली स्वस्त गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. बऱ्याचदा ती स्वस्त उरत नाही.

आमच्या मते, गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा. तेवढी जमत नसेल तर थांबा.

घेतल्यावर सगळी ऑइलं, फिल्टर आणि कूलंट बदला. ब्रेक फ्लुइड दर 2 वर्षांनी बदला. इंधनाच्या रबरी नळ्याही नव्या टाका, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. हे सगळं घरी जमतं. पुढच्या चाकांच्या सस्पेन्शन स्प्रिंगला मात्र हात लावू नका. ती दाबायला खास हत्यार लागतं आणि निसटली तर जिवावर बेतते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही कधी शिरू नका, स्टँड लावा.

बयाणा देण्याआधी गाडी आमच्या लिफ्टवर आणा. घेऊ नका असं आम्हाला वाटलं, तर कारणं लिहून देऊ.