गोल्डफिशवरचे पांढरे ठिपके: आजार की विणीचा हंगाम?

फेब्रुवारीत पुण्यात दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे अजून स्वेटर लागतो. गोल्डफिश पाळणाऱ्या घरांत नेमका याच दिवसांत प्रश्न निघतो: माशावर पांढरे ठिपके दिसतायत, औषध कोणतं टाकू? पंचाईत अशी की या दिवसांत ठिपके दोन वेगळ्या कारणांनी येतात. एक म्हणजे इक हा परजीवी, दुकानात ज्याला ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात तो. दुसरं म्हणजे विणीच्या हंगामात नराच्या अंगावर उठणारे कठीण दाणे. पहिल्यात हयगय केली तर अख्खा टँक रिकामा होऊ शकतो. दुसऱ्यात काहीही करायचं नसतं.

ठिपका कसा आहे यापेक्षा तो कुठे आहे ते आधी बघा. नराचे दाणे ठरलेल्या जागी येतात: कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या दोन परांच्या पुढच्या जाड कडेवर. दोन्ही बाजूंना साधारण सारखे, आणि कित्येक आठवडे तिथेच. मासा तरतरीत असतो, खायला पुढे येतो आणि बहुधा एखाद्या पोट फुगलेल्या मादीच्या मागे लागलेला असतो. ते भांडण नव्हे. (क्वचित मादीलाही थोडे दाणे येतात, तेव्हा त्यावरून नर-मादीची पैज लावू नका.)

इकचे ठिपके मात्र मीठ भुरभुरल्यासारखे कुठेही: शेपटीवर, पाठीवर, परांवर. जेमतेम १ मिलिमीटरचे, पण आज चार तर परवा चाळीस. मासा खडीवर अंग घासतो, पर मिटून तळाशी बसतो. कल्ल्यांतच लागण असेल तर बाहेर एकही ठिपका न दिसता मासा नुसता धापा टाकत राहतो, आणि हा प्रकार सगळ्यात फसवा.

हा परजीवी बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर घरात येतो. थंडीत पुण्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० कडे चढतो. गॅलरीतल्या छोट्या टाकीचं पाणीही त्याबरोबर वरखाली होतं, माशाची ताकद कमी पडते आणि इकचं फावतं. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून पोसला जाणारा जीव. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं सुटतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारे पुन्हा अडकतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, १५ अंशांवर त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ लागतो. थंड पाण्यात उपचारही तितकेच लांबवावे लागतात.

माझी पहिली पसंती मिठाला. लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरच्या टँकला १८० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दोन दिवसांत तीन हप्त्यांनी. झाडं असतील तर आधी काढा. हवेचा पंप सुरू ठेवा. मीठ उडून जात नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्यानेच करा आणि जेवढं पाणी बदलाल तेवढ्याचंच मीठ नव्याने घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा अँटिक्लोरीन विसरू नका. हीटरने पाणी २६ अंशांपर्यंत नेलं तर चक्र लवकर उरकतं. त्याहून गरम मला गोल्डफिशसाठी पटत नाही, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो.

शंका आली की निळं औषध ओतायची सवय मात्र महागात पडते. मेथिलीन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, मग अमोनिया वाढतो आणि ज्या नराला काहीच झालं नव्हतं तो खरोखर आजारी पडतो. ओरांडा या गोल्डफिशच्या जातीत डोक्यावरच्या मांसल टोपीवर पांढरे ठिपके दिसले तर तेही बऱ्याचदा नुसता चिकट स्राव असतो.

दाणे आणि पाठलाग दोन्ही दिसत असतील तर एखाद्या सकाळी झाडांना, काचेला बारीक पारदर्शक अंडी चिकटलेली सापडतील. पिल्लं हवी असतील तर ती लगेच वेगळी करा, कारण आईबापच ती खाऊन टाकतात. नको असतील तरी त्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला: अंडी घातल्यावर पाण्याला फेस येतो आणि ते लवकर खराब होतं.